आदिवासी उद्योजकांना खरी मदत कशाने होते? (निमित्त: ऑफिसची दिवाळीची ऑर्डर)

हिशेबनीस
आमच्या ऑफिसात दिवाळीच्या भेटी ठरवणाऱ्या समितीवर यंदा माझी वर्णी लागली आहे. साडेतीनशे डबे घ्यायचेत. सुकामेवा आणि स्टीलच्या बाटल्यांचा सगळ्यांनाच वीट आलाय, म्हणून कुणीतरी सुचवलं की या वेळी आदिवासी उद्योजकांकडून घेऊ. कल्पना सर्वांना पसंत पडली आणि तिथेच घोडं अडलं.

दोन कोटेशनं आली. एक मुंबईतल्याच पुरवठादाराचं. वारली चित्रं छापलेले मग, खोक्यावर 'ट्रायबल कलेक्शन'. दर कमी, माल आठवड्यात, पैसे साठ दिवसांनी दिले तरी चालतील. यात आदिवासी कोण, असं विचारल्यावर 'थीम आहे ना सर' असं उत्तर मिळालं. दुसरं जव्हारकडच्या महिलांच्या गटाचं. नागलीची बिस्किटं आणि मोहाचे लाडू. दर जरा चढा आणि निम्मे पैसे आगाऊ. आमचं अकाउंट्स म्हणतं, आगाऊ दमडी मिळणार नाही, बिल लावा, साठ दिवसांनी बघू.

माझं मत असं की देणगीपेक्षा ऑर्डर कधीही बरी. पण ऑर्डर देण्याची आपली रीतच अशी असेल की तो गट त्यात टिकूच शकत नाही, तर काय करायचं? ज्यांनी यात काम केलंय किंवा जे स्वतः आदिवासी उद्योजक आहेत त्यांनी लिहावं. मदत नेमकी कशाने होते? गिऱ्हाईक, भांडवल, प्रशिक्षण, की आणखी काही?

फाटकी_छत्री
लाडूंचा एक डबा आधी नमुन्यादाखल माझ्याकडे पाठवा. सविस्तर प्रतिसाद खाऊन झाल्यावर.

सह्यकडा
चांगला धागा. आम्ही दरवर्षी आदिवासी महोत्सवातून मध, हातसडीचा तांदूळ वगैरे आवर्जून घेतो आणि भाव अजिबात करत नाही. प्रत्येकाने एवढं केलं तरी खूप.

चिंचपेटी
सह्यकडा, +१. पण मेळ्याला चार दिवस गर्दी होते आणि उरलेले ३६१ दिवस त्या माणसाने काय करायचं? मेळ्यात घेतलेल्या मधाची दुसरी बाटली हवी म्हणून मी लेबलवरचा नंबर फिरवला तर तो अस्तित्वातच नव्हता.

रानहळद
जोहार. मी डहाणू तालुक्यातली, वारली. घरात भाऊ-भावजय चित्रं काढतात, ऑर्डरी आणि हिशेब मी बघते.

हिशेबनीस, त्या मगाचा फोटो असेल तर एक गोष्ट तपासा. तारपा म्हणजे आमचं भोपळ्याचं फुंकवाद्य. तारपा नाचात नाचणारे तारपा वाजवणाऱ्याबरोबर वळतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. बाजारातल्या निम्म्या छापील मालात माणसं तारप्याकडे पाठ करून नाचताना दिसतात, कारण काढणाऱ्याने तो नाच कधी बघितलेलाच नसतो. काहींत तर तारपेवाला गोलाच्या बाहेर कोपऱ्यात उभा असतो, सजावटीला.

आमच्याकडे लग्नाचा चौक सवाशिणी काढतात. गेरूने नाहीतर शेणाने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, टोक चेचलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी. कागदावर आणि कापडावर हे सत्तरच्या दशकात आलं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते परदेशापर्यंत नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तेव्हापासून नाव झालं, मागणीही वाढली, पण मागणीचा पैसा बराचसा छापणाऱ्याकडे गेला.

आमचाच अनुभव सांगते. शहरातल्या एका मोठ्या दुकानाने कुर्त्यांसाठी नमुने मागवले. आम्ही हाताने काढून पाठवले. 'बघून कळवतो' म्हणाले. पुढच्या मोसमात तीच झाडं, तीच बैलगाडी त्यांच्या कुर्त्यांवर. फोन केला तर म्हणे, आमच्या डिझाइन टीमने केलंय. आता आम्ही नमुना फुकट देत नाही. नमुन्याचे पैसे आधी, ऑर्डर पक्की झाली की बिलातून वजा. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच गळतात. गळू देत.

अवांतरवाला
रानहळद, दुकानाने केलं ते वाईटच. पण मुळात लोककला कुणाच्या मालकीची? वारली चित्र मी घराच्या भिंतीवर काढलं तर तुमचे पैसे बुडवले का? आणि वारली चित्रांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ना? मग अडवा की त्यांना.

रानहळद
भिंतीवर खुशाल काढा, फक्त तारप्याकडे तोंड करून. :)

जीआय २०१४ साली मिळालं, डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाच्या पुढाकाराने. त्याने नावाला संरक्षण मिळतं. म्हणजे नोंदणीकृत वापरकर्ता नसलेल्याने 'वारली पेंटिंग' म्हणून माल विकला तर हरकत घेता येते. पण त्रिकोणाची माणसं काढून खाली 'फोक आर्ट' किंवा 'ट्रायबल' लिहिलं की तो निसटतो. बरं, हरकत घ्यायची तर वकील लागतो. मुंबईच्या कोर्टाच्या तारखेला जायचं तर त्या दिवसाचं काम बुडतं. कागद हातात असणं आणि तो चालवायची ऐपत असणं यात बरंच अंतर आहे.

निवृत्त_बँकर
माझी बरीचशी नोकरी नाशिक-पालघर पट्ट्यातल्या शाखांत गेली. जरा कडू बोलतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जात नाही. हा कायदा हवाच. तो नसता तर डहाणूपासून कर्जतपर्यंत फार्महाऊसं सोडून काही उरलं नसतं. पण शाखेच्या मॅनेजरच्या खुर्चीतून बघा. तारण जमिनीचा लिलाव करायची वेळ आली तर घेणारा कोण? म्हणून तो 'कागदपत्रं आणा, मग बघू' म्हणतो, आणि कागदपत्रं काही संपत नाहीत. २०१६ साली स्टँड-अप इंडिया आली. दर शाखेमागे किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला कर्ज. पण किमान रक्कम दहा लाख होती. पाड्यावरून येणाऱ्याला हवे असतात साठ हजार, तेही मोहाच्या हंगामापुरते, मार्चमध्ये घेऊन पावसाच्या आत फेडायला. त्याच्या मापाची योजना आमच्याकडे क्वचितच असायची.

दुसरी बाजूही सांगतो. अनुदानाच्या योजनेत मी गिरण्या, शिलाई मशीनं, शेवया करायची यंत्रं वाटली जाताना पाहिली. वीज तीन तास, दुरुस्ती करणारा तालुक्याला, आणि सगळ्या गावाला मिळून एकच गिरणी पुरणार तिथे चार. वर्षभरात यंत्रावर कोंबड्या बसतात. दोष घेणाऱ्याला लागतो, यंत्र निवडणारा नामानिराळा.

सह्यकडा
मला एक वेगळाच प्रश्न पडतो. या लोकांना बाजाराच्या रहाटगाडग्यात ओढायलाच हवं का? त्यांची जीवनपद्धती निसर्गाशी जोडलेली, गरजा मर्यादित, समाधानी. ब्रँड, उलाढाल, मार्जिन हे सगळं आणून आपण त्यांचं आपल्यासारखंच करून टाकणार.

कोकणा_सीए
सह्यकडा, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय म्हणून शांतपणे उत्तर देतो. मी कोकणा आदिवासी, सुरगाण्याचा, नाशिकला सीए आहे. माझं 'समाधान' फी वेळेवर आली की होतं.

बाजारात कुणी आम्हाला ओढायला नको, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बाजारातच आहोत, फक्त सर्वांत खालच्या पायरीवर. आठवडी बाजारात मोह, हिरडा, डिंक, करवंदं विकली जातातच. दर व्यापारी ठरवतो, काटाही त्याचाच. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती उचल घेऊन. तोही बाजारच, आगाऊ पैशाचा. गंमत बघा, मजुरीसाठी आदिवासीला उचल द्यायला भट्टीमालक तयार असतो, मालासाठी आगाऊ द्यायला हिशेबनीसांचं अकाउंट्स तयार नाही.

आणि आदिवासी उद्योजक म्हटलं की मध, मोह, वारली एवढंच का दिसतं सगळ्यांना? माझ्या ओळखीत आदिवासी ठेकेदार आहेत, पेट्रोलपंपवाले आहेत, एक बोअरवेलच्या गाड्या चालवतो, एका मुलीची कळवणला मेडिकलची दोन दुकानं आहेत. यांच्यापैकी कुणी मेळ्यात स्टॉल लावत नाही, म्हणून ते कुणाच्या खिजगणतीत नाहीत. समाजाची अर्थव्यवस्था वाढायची तर यांना ऑर्डरी, ठेके आणि पुरवठ्याची कामं मिळायला हवीत.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाला कामाचं. हिशेबनीस, त्या गटाची 'उद्यम' (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी आहे का विचारा. ते स्वतः माल बनवतात, म्हणजे ते सूक्ष्म उद्योगात बसतात. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्याने अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वर १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरत नाहीत, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरतात. तुमच्या अकाउंट्सला 'सामाजिक बांधिलकी' सांगू नका, ४३बी(एच) सांगा. जास्त लवकर कळतं.

फाटकी_छत्री
'सामाजिक बांधिलकी सांगू नका, ४३बी(एच) सांगा' हे टी-शर्टवर छापून घेतो. रानहळद, छपाईचे पैसे आधी देतो.

हिशेबनीस
कोकणा_सीए, हे माहीत नव्हतं, खूप आभार. आमचे साठ दिवस मग कुठल्या आधारावर आहेत हे सोमवारी विचारतो. आगाऊ रकमेचा तिढा मात्र राहतोच ना?

कोकणा_सीए
राहतो. त्यावर उपाय आहे, नंतर लिहितो. आज रिटर्नच्या तारखा डोक्यावर आहेत.

गोंडवनातून
सेवा जोहार. गडचिरोलीहून. वरची सगळी चर्चा एकट्या उद्योजकाची किंवा बचतगटाची चालली आहे. आमच्याकडे सर्वांत मोठा उद्योजक आहे ग्रामसभा.

१९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या) आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची, म्हणजे बांबू, तेंदू, मोह वगैरेंची मालकी गावाकडे आली. कागदावर. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायचा तर वाहतूक पास वनखात्याच्या हातात. माल तुमचा, पण गावाबाहेर काढायचा परवाना दुसऱ्याकडे. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हा कुठे बांबूचे पैसे गावाच्या खात्यात यायला लागले. गावाने विहिरी, बांध, जंगलराखणीची मजुरी हे त्यातून केलं. भांडवल नव्हतं, प्रशिक्षण नव्हतं असं कुणी म्हणेल. नव्हता तो पास.

तेंदूचंही (विडीच्या पानांचंही) तसंच. एप्रिल-मे मध्ये पहाटे पानं तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर द्यायचे. पूर्वी लिलाव वनखात्याचा आणि मजुरी आमची. आता बऱ्याच ग्रामसभा स्वतः निविदा काढतात, मजुरीही घेतात आणि स्वामित्व रक्कमही (रॉयल्टी) घेतात. भांडणं होतात, ठेकेदार पैसे थकवतात, काही ठिकाणी बँक खात्याच्या सह्यांवरून गावात दोन तट पडलेत. ते झाकून ठेवत नाही. पण दर किती, थकबाकी किती, हे आता गावातल्या बाया सभेत उभ्या राहून विचारतात.

चंद्रपूरच्या पाचगावने उलट केलं. बांबूवर लक्ष दिलं आणि तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण पानं चांगली यावीत म्हणून झाडं छाटावी लागतात, जंगलाला आगी लावल्या जातात. हातचा पैसा सोडला. मालक असला की असंही ठरवता येतं.

निवृत्त_बँकर
गोंडवनातून, पाचगावचं उदाहरण उत्तम. एक शंका: ग्रामसभेकडे पैसा आला की हिशेब कोण ठेवतं? सचिव तोच, अध्यक्षाचा पुतण्या तोच, असं मी सहकारी सोसायट्यांत भरपूर पाहिलंय.

गोंडवनातून
आमच्या गावात दोघांच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत, त्यातली एक बाई. जमाखर्च सभेत मोठ्याने वाचतात. पहिल्या वर्षी वाचायला लागले तेव्हा अर्धे लोक उठून गेले, कंटाळा. एक वर्ष चहाच्या खर्चावरून रात्री अकरापर्यंत वाद झाला. तेव्हापासून कुणी उठत नाही.

टोरांटोकर
वीसेक वर्षं कॅनडात आहे, इथे सरकारी खरेदीशी संबंधित काम करतो. निवृत्त_बँकर यांचा जमिनीचा मुद्दा वाचून खुर्चीतून उठलो, कारण हुबेहूब तीच अडचण इथे आहे. इथल्या 'इंडियन ॲक्ट'च्या कलम ८९ मुळे मूलनिवासींची राखीव भूमीवरची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला किंवा बँकेला गहाण ठेवता येत नाही. हेतू चांगला, पण बँका हात आखडतात. यावर मूलनिवासींनी ऐंशीच्या दशकापासून स्वतःच्या कर्जसंस्था काढल्या, त्यांनीच चालवलेल्या. कर्ज मागणाऱ्याला त्या ओळखत असतात, त्याचा मासेमारीचा हंगाम कधी हे त्यांना माहीत असतं, हप्ता त्याप्रमाणे.

दुसरं, २०२१ साली इथल्या केंद्र सरकारने जाहीर केलं की ठेक्यांच्या एकूण रकमेपैकी किमान पाच टक्के मूलनिवासी उद्योगांना. लगेच बोगस भागीदाऱ्या निघाल्या. नावाला ५१ टक्के मालक मूलनिवासी, धंदा चालवणारा दुसराच. पडताळणी कोण करणार यावर अजून वाद चालू आहे.

आणि मोठी झेपही आहे. २०२१ च्या सुरुवातीला इथल्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या मिगमाव या मूलनिवासी समाजांच्या आघाडीने एका खासगी कंपनीबरोबर मिळून 'क्लिअरवॉटर' ही बलाढ्य समुद्री मासळीची कंपनी विकत घेतली. सौदा सुमारे एक अब्ज डॉलरचा. ज्यांच्या मासेमारीच्या हक्कावरून काहीच महिन्यांपूर्वी किनाऱ्यावर मारामाऱ्या झाल्या होत्या, ते निम्म्या कंपनीचे मालक झाले.

कोकणा_सीए
टोरांटोकर, आपल्याकडेही आहे की. केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणात मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. धोरण २०१२ चं. अडचण अशी की निविदेत 'मागील तीन वर्षांची उलाढाल' आणि 'अशाच कामाचा अनुभव' मागतात. पहिलं काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय काम नाही. नियमात सवलत आहे, पण ती निविदेत लिहून घ्यायला कुणीतरी भांडणारा लागतो. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' काढली, त्यांनी हे भांडण संघटित केलं. आदिवासी उद्योजकांची तशी ताकदीची संघटना महाराष्ट्रात दिसत नाही. जमातवार संघटना आहेत, त्या नोकऱ्या आणि दाखल्यांच्या प्रश्नात अडकलेल्या. धंद्यावर बोलायला बसलो की अर्ध्या तासात विषय बोगस जात प्रमाणपत्रांवर जातो. प्रश्न खरा आहे, पण जीएसटीची मीटिंग राहून जाते.

अवांतरवाला
आयडीला जागून अवांतर: मोहाच्या लाडवांपेक्षा मोहाची दारू हाच खरा उद्योग नाही का? गोव्यात काजू फेणीला जीआय आहे, मान आहे. मोहाला मात्र पोलिसांची धाड.

टोरांटोकर
अवांतर नाही हो. ब्रिटिश कोलंबियात ओसोयूस समाजाने आधी जमीन द्राक्षबागांसाठी भाड्याने दिली, मग २००२ साली स्वतःची वायनरी काढली, 'एन्कामीप'. उत्तर अमेरिकेतली मूलनिवासींच्या मालकीची पहिली. पर्यटक रांगा लावतात.

चिंचपेटी
मध्य प्रदेशाने अलीराजपूर आणि डिंडोरीत मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' म्हणून वाट करून दिली आहे, बचतगटांमार्फत. महाराष्ट्रात २०२१ मध्ये मोहफुलं वेचणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं उठवली, पण गाळणं अजून १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. म्हणजे फूल मोकळं, थेंब बंद.

गोंडवनातून
सावकाश. आमचा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा आहे आणि ती बंदी मागणाऱ्यांत आदिवासी बायाच पुढे होत्या. लग्नकार्यात, देवाला मोहाची धार लागते, ते वेगळं. कारखाना निघाला तर मालक कोण होईल हे तुम्हीही ओळखून आहात. मला विचाराल तर आधी फुलांना दर मिळू द्या. पहाटे टोपली घेऊन वेचलेली फुलं साठवायला कोरडी जागा नाही, म्हणून बाया स्वस्तात विकतात, आणि तीच फुलं पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून महाग घेतात. गावात एक चांगलं गोदाम झालं तर बाटलीच्या चर्चेपेक्षा जास्त पैसा येईल.

फाटकी_छत्री
गोदामाची राखण करायला मी तयार आहे.

सातपुडा_पायथा
गोदामाच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. मी पावरा, धडगाव भागातला. आमच्याकडे आमचूर. एप्रिल-मे मध्ये प्रत्येक घरासमोर कैऱ्यांचे ढीग, बाया-पोरं साल काढून फोडी करतात, खडकावर नाहीतर कापडावर वाळत घालतात. टोपलीभर कैरीचा ओंजळभर आमचूर होतो. पांढरा राहिला तर भाव, एक वळवाची सर आली की काळा पडतो आणि भाव निम्म्याखाली. व्यापारी आभाळाकडे बघूनच दर फोडतो, त्याला माहीत असतं आमच्याकडे झाकायची सोय नाही. माल पुढे मध्य प्रदेशात जातो, तिथून पूड होऊन मसाल्याच्या पुड्यात. त्या पुड्यावर सातपुड्याचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.

आमच्या गटाने प्लॅस्टिकच्या कागदाचे सौर वाळवणघर घेतलं. अनुदान आलं नव्हतं, सहा घरांनी वर्गणी केली आणि आश्रमशाळेतल्या एका गुरुजींनी उरलेले दिले, बिनव्याजी. माल पांढरा राहिला. व्यापारी तोच, पण या वेळी त्याला आभाळाची भीती घालता आली नाही.

सह्यकडा
कोकणा_सीए, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'समाधानी' या शब्दाबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. तरी पाचगावचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं मला वाटतं. बाजार नको म्हणायचीही मुभा हवी.

कोकणा_सीए
मुभा पाहिजेच. पाचगावने नाही म्हटलं ते बांबूचं उत्पन्न हातात असताना. मुद्दा तिथेच आहे.

आता राहिलेलं आगाऊ रकमेचं. हिशेबनीस, तुमचं अकाउंट्स आगाऊ देत नाही कारण माल आला नाही तर काय, ही भीती. मी माझ्या दोन-तीन गटांना असं बसवून दिलंय: रक्कम तीन भागांत. ऑर्डरबरोबर तीस-चाळीस टक्के, ती थेट गटाच्या बँक खात्यात. माल निम्मा तयार झाल्यावर फोटो किंवा कुणी जाऊन बघून पुढचा हप्ता. उरलेले माल पोचल्यावर पंधरा दिवसांत. खरेदी आदेशावर हे छापून घ्यायचं. गट वनधन केंद्राशी जोडलेला असेल तर त्यांच्याकडून हमीचं पत्र मिळतं का बघा. २०१८ ची योजना आहे ती, सुमारे तीनशे वेचणाऱ्यांचं एक केंद्र. काही केंद्रं कागदावरच आहेत, काही उत्तम चालतात. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली ती याच वाटेने, आणि मागणी दीड कोटीच्या पुढे गेली. त्यांनाही पहिली अडचण हीच आली असणार, की वेचणाऱ्याला रोजच्या रोज रोख द्यावे लागतात आणि कंपनीचे पैसे महिन्याने येतात. मधल्या महिन्याचं कोण बघणार, हा सगळ्या धंद्याचा गाभा आहे.

निवृत्त_बँकर
सहमत. मधला महिना सावकार बघतो, म्हणून सावकार टिकून आहे. आमची बँक पाच वर्षांच्या यंत्राला कर्ज द्यायला तयार होती, चाळीस दिवसांच्या मोहाला नाही.

रानहळद
हिशेबनीस, एक विनंती. डब्यावर 'आदिवासी भगिनींच्या हातचे' असलं काही लिहू नका. गटाचं नाव, गाव, फोन नंबर आणि किंमत लिहा. चालू असलेला नंबर, चिंचपेटीताईंना लागेल असा. पुढच्या वर्षी तुमची समिती बदलेल, पण डबा घरी नेलेल्यांपैकी दहा जणांनी जरी परत मागवलं तरी त्यांना तुमची गरज उरणार नाही.

हिशेबनीस
अकाउंट्सशी बोलणं झालं. ४३बी(एच) चा परिणाम चमत्कारासारखा. गटाची उद्यम नोंदणी आहे. चाळीस टक्के आगाऊ मान्य झालेत, तेही पुरवठादाराच्या थेट खात्यात, मधे एजन्सी नको या अटीवर. मात्र साडेतीनशे डबे एकदम त्यांना झेपणार नाहीत असं त्यांनीच स्पष्ट सांगितलं. दोनशे करतील. उरलेल्या दीडशेसाठी रानहळद, हाताने रंगवलेल्या कापडी पिशव्या जमतील का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. नमुन्याचे पैसे आधी, लक्षात आहे.

रानहळद
दीडशे जमतील, पण भात कापणी त्याच वेळी येते. आत्ता सांगितलंत तर होईल, घटस्थापनेनंतर सांगितलंत तर नाही. आणि 'लोगो मोठा करा' असा फोन आला तर दर वाढेल.

फाटकी_छत्री
नमुन्याच्या लाडवांचं काय झालं?

कोकणा_सीए
मोहाचे लाडू फार टिकत नाहीत, त्यामुळे ते खरोखर विचारायला हवं. हिशेबनीस, गटाला बनवल्याची तारीख आणि किती दिवसांत खायचे ते लेबलवर टाकायला सांगा, अन्नपरवान्याचा नंबरही लागेल. दोनशे डबे दोन खेपांत मागवा. जव्हारहून टेम्पो विक्रमगड-मनोरमार्गे येईल. भाडं कोण देणार हे आदेशात आत्ताच लिहा, ते शेवटी हमखास गटाच्या गळ्यात पडतं.

हिशेबनीस
भाडं आमचं. लिहून घेतलं.